माडीवरचं शंटिंग

रविवार, ५ जानेवारी २०२५

आजपासून मी सांधेवाला! हरिसिंगने नुसती मान हलवली, शफीकने "मुबारक हो, पंडत" म्हणून खालून चहा मागवला. पेपरवाल्यांनी केस पांढरे होईतो मला 'मालेगाव वार्ताहर'च ठेवलं. बढती मिळाली ती अखेर रेल्वेत. तीही अशा रेल्वेत, जी एका माडीवर मावते.

काम सोपं आहे. हरिसिंग बोट दाखवेल तो खटका दाबायचा. खट्ट होतं, सांधा बदलतो, गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. बोलायचं नाही. हे मात्र अवघड आहे.

शफीकचं मोटार वायंडिंगचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत. खाली शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी, वर रेल्वे. भिंतीच्या कडेने प्लायवूडचं लांब टेबल, त्यावर रूळ, मालधक्का, दालमिल, जिनिंग, खताचं गोदाम. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'मालेगाव जहाँगीर'. डबे पत्र्याचे. इंजिनाची मोटार त्याने स्वतः गुंडाळलेली, केसाएवढ्या तांब्याच्या तारेने. आमच्या गावात रेल्वे नाही. कधीच नव्हती. गाडी पाहायची तर वाशीमला जा. शफीकने तिची वाट पाहायची सोडून दिली, एवढंच.

हरिसिंग पूर्णेला शंटिंग मास्टर होता. निवृत्त होऊन इथे मुलाकडे आला. तो येण्याआधी शफीकची गाडी नुसती पुढेमागे पळायची. हरिसिंगने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "हे कुठं चालली?" शफीक म्हणाला, "ऐसेइच." "रेल्वेत ऐसेइच काही नसते!" झालं, त्या दिवसापासून माडीवर धर्मराज्य आलं. साल १९८४ ठरलं. कारण तेव्हा एकेक डबा तोडून ज्याच्या त्याच्या दारात लावायचे. "आता काय, पुरी रेक येते अन् पुरी रेक जाते. शंटिंगची मजाच गेली, भाऊ." म्हणजे ज्या गावात रेल्वे आलीच नाही, तिथून ती चाळीस वर्षांपूर्वी सुटते! वेदान्तात याला, म्हणजे नसलेलं तिथे पाहण्याला, अध्यास म्हणतात. वेदान्त्यांनी मात्र रुळांना तेल घालण्यापर्यंत मजल मारली नव्हती.

यमनियम कडक आहेत. पहिला आणि शेवटचा: डब्याला हात लावायचा नाही. न्यायचा तो इंजिनानेच न्यायचा. ढकलायचा असेल तर इंजिन मागे पाहिजे, ओढायचा असेल तर पुढे. चुकीच्या बाजूला सापडलं तर शेजारच्या लूप लाइनवरून वळसा घालून यायचं. आणि ड्रायव्हरने, म्हणजे शफीकने, हरिसिंगच्या हिरव्या झेंडीशिवाय हलायचं नाही.

शिवाय गोविंदसिंग आहे. हा पूर्णेचा जुना खलाशी, डबे जोडणारा, वारला बिचारा. पण आमच्या माडीवर अजून ड्यूटीवर आहे. डबा जोडला की सगळे थांबतात. का? "गोविंदसिंग साखळी लावून राह्यला." मग तो पुढच्या डब्यापर्यंत चालत जातो. तेवढा वेळ आम्ही तिघे जिवंत माणसं श्वास धरून उभे. आज मी विचारलं, "आता पोचला असेल ना?"

"पोचन ना. आधी बिडी पेटवते तो."

यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो. काही करत नाही, बसून इतरांच्या चुका पाहतो, आणि दक्षिणा घेतो. हरिसिंगला हे सांगितलं. तो म्हणाला, "पेन्शन असन त्याले."

घरी आल्यावर ज्योत्स्नाने विचारलं, "गाडी गोल फिरते काय हो?"

"नाही."

"मग काय करते?"

"एक डबा या रुळावरून त्या रुळावर."

"अन् मग?"

"मग दुसरा."

तिने वरणाला फोडणी दिली.  ती नेहमीपेक्षा मोठ्याने तडतडली.

मंगळवार, ७ जानेवारी

रब्बीचं पाणी सुरू, व्होल्टेज पडलेलं, मोटारी धडाधड जळताहेत. आसेगावचा एक जण खालून ओरडत होता, "शफीकभाऊ, हरभरा वाळून राह्यला नं!" वरून शफीक: "दो मिनट! गाडी फसली है!" तो भला माणूस ट्रक ढकलायला दोन गडी घेऊन आला.

गुरुवार, ९ जानेवारी

नाजिश आली. शफीकची एकुलती एक. नागपूरला फिजिओथेरपी शिकली, पास झाली. तिची आई गेल्यावर घरात बापलेकच उरले होते. पोरगी शिकायला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा माडीवर पहिला रूळ पडला. हे शफीक सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी आम्ही खताचे डबे लावत होतो. ती दारात उभी राहून सगळं पाहत होती. मग म्हणाली, "अब्बा, ये कमरा मेरे को चाहिए. दवाखाने के लिए."

शफीकने इंजिन थांबवलं. झेंडी नसताना! 

पुण्याच्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलंय. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. मालेगावात जागा मिळाली तर जाणार नाही, म्हणाली. भाड्याच्या जागेवर पैसे घालणार नाही. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मोटारीचं एस्टिमेट द्यावं तशी बोलली.

हरिसिंगने तोडगा काढला, "खाली दे ना दुकानात अर्धी जागा."

"दुकान में?" शफीक उसळलाच. "अब्बाजान का दुकान है! उनके हाथ की कील भी नै हिलाई आज तक."

हे खरं आहे. मागे मी एक मोडकं स्टूल बाजूला सरकवलं होतं, तर ते त्याने पुन्हा जागेवर आणून ठेवलं. त्यावर बसता येत नाही, तरी.

खाली उतरताना शफीक मला म्हणाला, "पुना बहोत दूर है ना, पंडत?"

मी म्हटलं, "आहे."

खोटं बोलून पुणं काही मेहकरशेजारी आणता येत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

शफीकने एका पंपाची तार उलटी गुंडाळली. पंप उलटा फिरतोय. गिऱ्हाईक म्हणतं, "विहिरीत हवा भरून राह्यला." शफीकच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

रविवार, १२ जानेवारी

शफीकने हो म्हटलं. चहाचा कप खाली ठेवता ठेवता: "ले ले बेटा. कमरा तेरा." नाजिशने त्याच्या गळ्यात हात टाकले. मी खिडकीबाहेर पाहिलं. हरिसिंगने घसा खाकरला आणि म्हणाला, "पण लाइन अशी बंद नाही होत."

आम्ही त्याच्याकडे पाहायला लागलो.

"चालू लाइन हाये. मालधक्क्यावर डबे हायेत, दालमिलात भरलेले हायेत. पह्यले सगळा माल उतरवा लागते. रिकामे डबे एकेक काढून गाडी बनवा लागते. गाडी पूर्णेले धाडा लागते. मग लाइन बंद. उचलून पेटीत भराले हे काय कांदे हायेत काय?"

शफीकचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. "बरोबर बात है! कायदे से बंद करेंगे!"

गणपतीलासुद्धा उत्तरपूजा असते, मग रेल्वेला का नसावी? मी अनुमोदन दिलं. आता वाटतं, माझं चुकलं. माल उतरवायला किती वेळ लागतो हे ठरवणारा एकटा हरिसिंग, आणि तुरीची पोती उतरवतोय तो गोविंदसिंग.

सोमवार, १३ जानेवारी

दोन पोती उतरली.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळी तिळगूळ घेऊन शफीककडे. ज्योत्स्नाही आली. 'त्या' रेल्वेला तिने आज प्रथमच दर्शन दिलं. ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तिने दालमिलच्या दारात बोट टेकवलं (हरिसिंगने डोळे मिटले) आणि विचारलं, "शफीकभाऊ, इथं संडास कुठं हाये?"

"कायके लिए भाभी?"

"स्टेशन हाये ना? बायांनी काय करायचं?"

शफीक खजील झाला. तीन प्लॅटफॉर्मचा विचार केला होता त्याने, बायांचा नाही. वही काढून टिपून घेतलं! अहो, बंद होणाऱ्या लाइनीवर!

मग ज्योत्स्ना आणि नाजिश जिन्यात बराच वेळ बोलत उभ्या. मी गेलो तर दोघी गप्प. "काय चाललंय?" — "बायकांचं." वार्ताहराला ही चपराकच आहे.

नाजिश मला म्हणाली, "काका, अब्बा खोली देतील ना हो नक्की?"

"शब्द दिलाय."

"शब्द दिलाय," ती म्हणाली, "पण रोज दोनच पोती उतरतात."

गुरुवार, १६ जानेवारी

बातमी पाठवावी का? 'मालेगावातील रेल्वे बंद होणार.' पण एवढं छापून आलं तर आधी ती होती कुठे म्हणून मोर्चा निघेल. आणि उपोषणाला बसलेल्यांची मुलाखत घ्यायला मलाच पाठवतील.

रविवार, १९ जानेवारी

नाजिशने रंगवाला सांगितला होता, म्हणून आज लाइन बंद करणं भागच होतं. दुपारच्या जेवणानंतर सुरुवात. हरिसिंग जुनी निळी टोपी घालून आला. शफीकने अत्तर लावलं होतं.

पहिले काही डबे झकास निघाले. मी खटके दाबत होतो, कुठेही चूक नाही. स्वतःचीच पाठ थोपटावी म्हणतो तोच शफीकने घोळ घातला. जोडलेले डबे ओढत इंजिन दालमिलच्या रुळावर थेट बंद टोकापर्यंत नेलं. समोर सगळे डबे, मागे भिंत. लूप लाइनही डब्यांनी भरलेली, वळसा घालायला वाट नाही. इंजिन आपल्याच गाडीमागे कोंडलं गेलं!

मी हरिसिंगकडे पाहिलं. त्याने शफीककडे पाहिलं. शफीक रुळाकडे पाहत होता. हा माणूस डोळे मिटून मोटारीतल्या तारा मोजतो. असा घोळ त्याच्या हातून चुकून होत नाही. हे आम्हाला दोघांनाही कळलं. 

"अब तो टाइम लगेगा," शफीक म्हणाला. फारच समाधानाने.

तेवढ्यात रंगवाला एजाज बादली, ब्रश, शिडी घेऊन वर आला. जरा वेळ पाहत राहिला. मग सद्भावनेने पुढे झाला, "चाचा, ये डब्बा उठा के बाजू में रख दूँ क्या?"

"हात नोको लावू!!"

तिघे एकदम. मीसुद्धा! एवढ्या वर्षांच्या संध्यावंदनात माझा आवाज असा कधी लागला नव्हता. एजाजच्या हातातला ब्रश बादलीत पडला आणि हरिसिंगच्या टोपीवर चुन्याचे शिंतोडे उडाले. तरी हरिसिंग हलला नाही.

आवाज ऐकून नाजिश वर आली. "क्या हुआ?"

हरिसिंगने समजावलं, "तुले पायजे मागचं. पण पुढचं काढल्याबगर मागचं निघत नाही. अन् पुढचं काढाले जागा नाही."

"तर जागा करा ना चाचा."

"कराच लागते. एक डबा खताच्या गोदामात, एक जिनिंगमध्ये. मंग लूप मोकळी. मंग वळसा. पण डायव्हर ऐकन तं ना."

शफीक खाली मान घालून नुसतं बटण चोळत होता. हरिसिंगने आपली हिरवी झेंडी नाजिशच्या हातात दिली. इतकी वर्षं ती झेंडी त्याने कुणाला धरू दिली नव्हती. मला तर मुळीच नाही.

नाजिशला झेंडी कशी हलवतात ठाऊक नव्हतं. तिने ती नुसती वर धरली, लग्नात ओढणी सावरावी तशी. शफीक झेंडीकडे पाहत नव्हता, तिच्याकडे पाहत होता. पाहत राहिला. मग इंजिनाने शिट्टी दिली आणि ते हललं.

त्यानंतर काही अडलं नाही. एक डबा गोदामात, एक जिनिंगमध्ये, लूप मोकळी, वळसा. गोविंदसिंगनेसुद्धा आज बिडी पेटवली नाही. उन्हं खिडकीतून गेली तेव्हा गाडी तयार होती. शेवटचा डबा कपाटामागे दिसेनासा झाला. पूर्णा कपाटामागे आहे.

हरिसिंग म्हणाला, "लाइन बंद."

शफीक एजाजला म्हणाला, "चूना अच्छा मारना." आणि खाली गेला.

मंगळवार, २१ जानेवारी

टेबलाचे भाग सुटे करून भिंतीशी उभे केले. उभ्या रुळांवर काहीच टिकत नाही. पिवळी पाटी शफीकने दुकानात नेली, मोडक्या स्टूलावर ठेवली.

शुक्रवार, २४ जानेवारी

माडी पांढरी शुभ्र. बोललं तर घुमतं. नाजिशने पलंग आणला, आरसा आणला, भिंतीवर सांगाड्याचं चित्र लावलं. हरिसिंग सवयीने चार वाजता वर चढला. चित्रासमोर उभा राहिला. "हे कोण?" म्हणाला. मग, "गोविंदसिंग असाच दिसे." आणि उतरून गेला.

शफीक मोटारी मात्र आता सरळ गुंडाळतोय. दिवसाला किती, विचारू नये. गल्लीत सगळे खूश आहेत, तो सोडून. "बेटी रुकी ना, पंडत," म्हणतो. "और क्या चाहिए आदमी को." दर वेळी म्हणतो. मी विचारलेलं नसतानाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन उरकून उद्घाटनाला. फीत, पेढे, ताशा नको म्हटलं तरी ताशा. शफीकने पांढरा कुर्ता घातला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "ऊपर! ऊपर चलो!" आम्ही सगळे वर जाऊन उभे. नाजिश पांढऱ्या कोटात. फक्त पेशंट हवा.

पहिला पेशंट आला किन्हीराजाहून. कस्तुराबाई नावाची म्हातारी, लेकाच्या मोटारसायकलवर, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधून. लेकाने उतरवलं. जिन्यापाशी आली. पहिल्या पायरीवर हात ठेवला, वर पाहिलं. आम्ही सगळे वरून टाळ्या वाजवतोय.

म्हातारी खालूनच ओरडली, "काहून वं बाई! पायऱ्या चढता आल्या असत्या तं तुह्याकडं कायले आली असती मी?"

टाळ्या थांबल्या. ताशाही थांबला.

मी संस्कृत शिकलेला माणूस, शफीक तारेतला जादूगार, हरिसिंगने उभी हयात मालाला त्याच्या दारात नेऊन सोडलं. आणि आम्ही तिघांनी मिळून गुडघ्याचा दवाखाना माडीवर उघडला!

नाजिश जिना उतरली, दुकानात शिरली, मोडकं स्टूल पाटीसकट उचलून बाजूला ठेवलं आणि कस्तुराबाईला शफीकच्या खुर्चीत बसवून तिथेच गुडघा तपासला. जळालेल्या मोटारींच्या मधोमध. शफीक दारात उभा. अब्बाजानच्या दुकानातली वस्तू हलली होती. 

काही दिसलंच नाही असं तो दाखवत होता.

सोमवार, २७ जानेवारी

दिवसभर खल. दुकान वर न्यावं, तर मोटारी जिना चढत नाहीत. दवाखाना वर ठेवावा, तर गुडघे चढत नाहीत. मालेगावात जिना चढू शकणारी वस्तू एकच उरते, आणि तिचं नाव घ्यायला कुणी धजेना. शेवटी नाजिशनेच घेतलं, "अब्बा, ऊपर आप की रेल रख लो. नीचे आधा मेरे को दे दो."

अब्बाजानच्या दुकानात अर्धी जागा! मी कान झाकून घेतले.

शफीकने थोडा वेळ भिंतीतल्या खिळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बीच में पार्टिशन डालेंगे." एका दमात! हरिसिंगने लगेच टोपी घातली. दोघे टेबल उचलायला वर पळाले. या वयात, एकेक पायरी सोडून.

गुरुवार, ३० जानेवारी

लाइन चालू. स्टेशनात बायांचा संडास बांधला. आणि हो, स्टूल शफीकने स्वतःच्या हाताने भंगारात दिलं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज पहिली मालगाडी. शफीक माझ्या कानाशी लागला, "देखा, पंडत? बेटी नीचे, गाड़ी ऊपर. और मेरे को कुछ करना भी नै पड़ा!"

घरी येऊन हे ज्योत्स्नाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"पुण्याले तिनं दिवाळीतच नाही म्हणून कळवलं होतं," ती म्हणाली. "खालचीच जागा पायजे होती पोरीले. सरळ मागितली असती तं शफीकभाऊंनी देली असती काय?" पोळी उलटली. "कस्तुराबाईच्या लेकाले फोन मीच केला. अन् तुमी शफीकभाऊजवळ तोंड उघडू नका."

आणि मी म्हणे वार्ताहर!